साडीगार्ड काढू नका

जुनी जावा किंवा येझदी मोटरसायकल नव्यानं बांधायला घेतली की गॅरेजच्या कोपऱ्यात पहिल्याच दिवशी एक ढीग जमतो. मागच्या चाकावरची साडीगार्डची जाळी, लोखंडी कॅरिअर, पुढचं लेगगार्ड, पत्र्याची साइड बॉक्स, मडगार्डच्या टोकाला लोंबणारा रबरी मडफ्लॅप. हे सगळं भंगारात जायचं असतं. मालकाच्या मोबाइलमध्ये एक फोटो असतो. युरोपातली कुठली तरी गाडी, मागचं चाक उघडं, तपकिरी चामड्याचं सीट, पाठीमागे दगडी भिंत. मेकॅनिकला तो फोटो दाखवून सांगितलेलं असतं, ‘अशी क्लासिक करून द्या.’

मला तो ढीग बघवत नाही. रंगाच्या छटेवरून रात्र रात्र वाद घालणारी, मूळ हेडलाइटच्या काचेसाठी मैसूरपर्यंत जाणारी ही माणसं. त्यांच्या आस्थेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण हीच माणसं गाडीच्या आयुष्याचा अर्धा भाग पाना-पकड घेऊन उतरवून ठेवतात, याचं वाईट वाटतं. आपल्याकडची जुनी मोटरसायकल आपल्याकडे जशी वावरली तशीच दिसली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

साडीगार्डपासूनच सुरुवात करू. ही काही कुणा ॲक्सेसरीवाल्यानं खपवलेली वस्तू नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 123 वा नियम सांगतो की मागे माणूस बसणार असेल तर गाडीला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक किमान अर्धं झाकणारं असं काहीतरी हवं, की बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. नियमात साडी हा शब्द नाही. पण तो कुणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला, हे आपल्याला कळतं.

माझी आत्या मिरजेजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आतोबांच्या येझदीवर ती रोज एका बाजूला पाय सोडून बसायची. पदर कमरेला खोचलेला, एका हातात हजेरीपत्रकांची पिशवी, दुसरा हात सीटमागच्या मुठीवर आणि दोन्ही पाय साडीगार्डच्या खालच्या पट्टीवर. पावसाळ्यात काळ्या मातीचा रस्ता आणि खड्डे. त्या जाळीच्या आधारावर एका बाईची पूर्ण नोकरी झाली. अशा किती शिक्षिका, नर्सबाई, ग्रामसेविका नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या फटफटीवरून कामावर गेल्या असतील! त्या काळातल्या बायकांच्या वावराची खूण या गाडीवर कुठे शिल्लक असेल तर ती त्या जाळीतच आहे. ती काढली की उरते ती फक्त पुरुषाची गाडी.

आता जावाचं कुळ बघू, कारण ‘मूळ रूप’ म्हणजे नेमकं काय, हा वाद तिथूनच निघतो. फ्रांतिशेक यानेचेक हा प्राग शहरातला शस्त्रास्त्रांचा कारखानदार. 1929 मध्ये त्यानं वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकलचा आराखडा आणि हक्क विकत घेतले. रोमन लिपीतल्या दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरं, JA आणि WA, जोडून जावा झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या चेकोस्लोव्हाकियात या कंपनीच्या माणसांनी लपूनछपून एक नवी 250 सीसीची गाडी तयार केली आणि युद्ध संपल्यावर 1946 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती जगापुढे ठेवली. परक्या सत्तेच्या पहाऱ्यात बसून शांततेच्या काळासाठी मोटरसायकल आखणं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे 1954 च्या सुमारास त्याच गाडीला मागे स्विंगआर्म (चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) आणि शॉकॲब्सॉर्बर आले आणि आपल्याला ओळखीचं असलेलं रूप ठरलं.

आपल्याकडे ती आणली रुस्तम आणि फारूख इराणी यांनी. मैसूरच्या यादवगिरी भागात आयडियल जावाचा कारखाना उभा राहिला आणि 1961 मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या वेळी मैसूर राज्याचे राज्यपाल असलेले जयचामराज वोडेयार उद्घाटनाला होते. परवान्याची मुदत सरल्यावर 1973 पासून टाकीवर येझदी हे नाव आलं, 1978 मध्ये रोडकिंग आली आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. अधल्यामधल्या काळात 1985 ची हिरो होंडा सीडी 100 आली, यामाहा आरएक्स 100 आली, बजाजच्या आकुर्डीतून कावासाकीच्या गाड्या येऊ लागल्या. लिटरमागे दुप्पट-तिप्पट अंतर जाणाऱ्या गाडीपुढे आणि धुराच्या नव्या नियमांपुढे 250 सीसीच्या टू-स्ट्रोकचं काही चाललं नाही. त्याबद्दल कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पगारदार माणसानं ॲव्हरेज बघूनच गाडी घ्यायची असते.

म्हणजे ही गाडी प्रागमध्ये जन्मली खरी, पण यादवगिरीत पस्तीस वर्षं घडली आणि आपल्या रस्त्यांवर त्याहून जास्त चालली. मग तिचं मूळ रूप कोणतं? जो मालक टाकीवरचा भारतीय बिल्ला काढून परदेशातून मागवलेला चेक बिल्ला लावतो, त्याला मी हेच विचारतो.

देखणेपणाबद्दल मात्र दुमत नाही. या गाडीत एक गोष्ट अशी नाही जी नुसती शोभेसाठी आहे. गोलसर टाकी, तिच्या बाजूंना क्रोमचे पट्टे आणि त्यावर गुडघ्यांसाठी रबरी पॅड, कारण वळणावर गुडघ्यांनी टाकी धरायची असते. स्पीडोमीटर हेडलाइटच्या डोक्यात बसवलेला, म्हणजे वेगळा कंस नको आणि पाणीही जात नाही. चेन पूर्ण बंद झाकणात. चिखल आणि धूळ आत जात नाही, चेन वर्षानुवर्षं टिकते आणि पँटला किंवा साडीला ग्रीस लागत नाही. सिलिंडर एकच, पण धूर बाहेर जायला त्याला दोन तोंडं, म्हणून सायलेन्सर दोन. समोरून बघा की मागून, गाडी दोन्ही अंगांनी सारखी भरलेली दिसते.

आणि ती लिव्हर! डाव्या बाजूला एकच लिव्हर आहे. आत दाबून मागे फिरवली की ती किक होते. गाडी चालू झाली की पुढे आणायची, मग ती गिअरची लिव्हर. गिअर टाकायला ती पायानं हलवली की आतली यंत्रणा क्लचही सोडवते, त्यामुळे सवयीचा माणूस चालत्या गाडीत क्लचला हात न लावता गिअर बदलतो. हल्लीच्या मुलांना पहिल्यांदा हे दाखवलं की ती खाली वाकून लिव्हरच्या बुडाशी काय आहे ते बघायला लागतात. ते वाकून बघणं मला फार आवडतं.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 65 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 75. स्ट्रोक लांब असल्यामुळे ही गाडी हळू चालतानाही ओढते. खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरवर, मागे बायको, पुढे टाकीवर पोर आणि कॅरिअरला बांधलेली ट्रंक, अशी चढणारी येझदी माझ्या पिढीच्या बहुतेकांनी पाहिलेली आहे. उतारावर मात्र एक पथ्य. टू-स्ट्रोकच्या इंजिनाला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. लांब उतारावर रेस पूर्ण सोडून गिअरवर गाडी रोखत गेलात तर पेट्रोल जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही, आणि पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणून जुने चालवणारे उतरताना मधूनच रेसची मूठ जराशी पिळायचे. उतरणाऱ्या येझदीचा तो थांबून थांबून येणारा आवाज यामुळे होता. कुणी शिकवल्याशिवाय हे कळत नाही, आणि शिकवणारी माणसं आता थोडी राहिली आहेत.

बुलेटवाल्यांचीही अशीच एक विद्या होती. लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटला आंधळेपणानं किक मारली तर ती पाय उलटा फेकते. विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा बघायचा, किक हळू दाबत इंजिन घट्ट लागेल तिथपर्यंत आणायची, सिलिंडरमधला दाब सोडणारी डीकॉम्प्रेसरची लिव्हर ओढून काटा मध्यावर येईपर्यंत थोडं पुढे जायचं, मग लिव्हर सोडायची, किक वर घ्यायची आणि एकच सणसणीत मारायची. ज्याला हे जमतं त्याच्या चेहऱ्यावर घाई नसते. उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक; 1955 पासून मद्रासेत बनत आलेल्या त्या गाडीनं पोलीस, लष्कर, पाटील, डॉक्टर सगळ्यांना ही एक कसरत शिकवली. बुलेटवर मी इथं अधिक लिहीत नाही. तिला लिहिणारे पुष्कळ आहेत.

क्लासिक म्हणून जो फोटो मोबाइलमध्ये फिरतो तो मुख्यतः इंग्लंडातल्या कॅफे रेसरचा. त्यामागचा इतिहास मला मनापासून आवडतो. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं एस कॅफे 1938 मध्ये निघालं, युद्धात बॉम्बनं पडलं, 1949 मध्ये पुन्हा उभं राहिलं, 1969 मध्ये बंद झालं आणि 2001 मध्ये परत सुरू झालं. पन्नास-साठच्या दशकांत तिथं जमणारी कामगार वस्तीतली पोरं गाडीवरचं जे जे वेगाच्या आड येतं ते काढून टाकायची. नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचं इंजिन बसवून ट्रायटन नावाची गाडी त्यांनी स्वतःच तयार केली. त्यांना वेग हवा होता, रस्ता मोकळा होता, मागे कुणी बसायचं नव्हतं. त्यांच्या गाडीचं उघडंवाघडं रूप त्यांच्या जगण्यातून आलं, म्हणून ते खरं आहे.

आपल्या जगण्यातून आलं ते ओझं. राजदूतवर दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, येझदीच्या कॅरिअरवर गॅसचा सिलिंडर, बुलेटला वैरणीचा भारा. लेगगार्ड होतं कारण अंगावर येणाऱ्या एसटीसाठी रस्त्याखाली उतरावं लागायचं आणि तिथं गाडी घसरायची. मडफ्लॅप होता कारण मागच्या सायकलवाल्याच्या अंगावर चिखल उडू नये. त्या पोरांनी काढून टाकून जे साधलं ते आपल्या माणसांनी लावून लावून साधलं. दोन्हीला शैली म्हणायला हवं.

कपड्यांचंही तेच. 2012 मध्ये सिडनीच्या मार्क हव्वा यांनी सूट घालून जुन्या धाटणीच्या मोटरसायकली चालवायची एक फेरी सुरू केली. प्रोस्टेट कॅन्सरचं संशोधन आणि पुरुषांचं मानसिक आरोग्य यासाठी तीतून निधी जमतो आणि आता आपल्या शहरांतही ती निघते. हेतू उत्तम आहे, तिथं पैसे जरूर द्यावेत. पण मे महिन्यातल्या उन्हात वेस्टकोट आणि बो-टाय घातलेली मंडळी पाहताना वाटतं, की आपल्या चालवणाऱ्यांचा पोशाख कुणी आठवून का घालत नाही? इस्त्रीची टेरीकॉटची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. थंडीत छातीवर वारा लागू नये म्हणून स्वेटरच्या आत दुमडून घातलेलं वर्तमानपत्र. कानटोपी नाहीतर घट्ट बांधलेला मफलर. गावाकडे धोतर आणि टोपी, पायात करकर वाजणारी कोल्हापुरी. आणि हमखास ओळखीची खूण म्हणजे डाव्या बुटाच्या वरच्या चामड्यावर गिअरच्या लिव्हरनं पडलेला घट्टा. डोक्यावर मात्र आजचं आयएसआयचं पूर्ण हेल्मेट हवंच. त्या एका बाबतीत जुनं रूप नको.

रंगाविषयी माझं मत अनेकांना कडक वाटतं. कारखान्यातला मूळ रंग अर्धा जरी शिल्लक असेल तर त्याला हात लावू नये. धुवावा, तेलाचं बोट फिरवावं आणि सोडून द्यावा. नवा रंग कितीही वेळा मारता येतो, पहिला रंग पुन्हा आणता येत नाही. टाकीवरच्या सोनेरी रेषा लांब केसांच्या ब्रशनं एका श्वासात ओढलेल्या असत. चेन्नईच्या बुलेटच्या कारखान्यात अशा हातानं ओढलेल्या रेषांची परंपरा अगदी अलीकडेपर्यंत जपलेली आहे. स्टिकरची रेषा सगळीकडे एकाच जाडीची असते. हाताची रेषा वळणावर किंचित सुटते आणि पुन्हा सावरते. मागच्या मडगार्डवर पेंटरनं लिहिलेलं ‘आईचा आशीर्वाद’, पुढच्या मडगार्डवर पात्यासारखी उभी, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी नंबरची पट्टी, त्यावर 1989 च्या आधीचा तीन अक्षरांचा नंबर, हेही त्या रंगाचेच भाग आहेत. आता जुन्या गाड्यांनाही सरकारी एचएसआरपी पाटी लावावी लागते. ती लावावी. पण हातानं रंगवलेली पाटी उतरवल्यावर जपून ठेवावी, तिच्यावरून पेंटरचा हात ओळखू येतो.

कायदा आता थोडा आपल्या बाजूनं बोलतो. 2021 च्या जुलैत केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि सांगाडा, इंजिन यांत मोठे बदल न करता मूळ रूपात ठेवलेली गाडी असेल तर नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात. नोंदणीला 20,000 रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला 5,000. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे मैसूरच्या पहिल्या दशकातल्या जावा यात बसतात, रोडकिंग अजून नाही. मला स्वतःला रोजच्या वापराची मनाई पटत नाही, कारण टू-स्ट्रोक उभी राहिली की ऑइल सील सुकतात आणि बेअरिंगला गंज धरतो. पण ‘मूळ रूप’ ही अट कागदावर आली हे फार चांगलं झालं. तिचा अर्थ लावताना भारतीय नियमानुसार बसवलेली जाळी मूळ धरावी, एवढी माझी मागणी आहे.

या गाड्या चालू ठेवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. पूर्वी पंपावर टू-टी ऑइलचा नळ असे. आता बाटली आणि माप घरून न्यायचं, लिटरमागे साधारण 40 मिली. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय, आणि त्यातलं काही आपल्याच मळ्यांतल्या उसापासूनचं. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळत असतील तर त्याला माझा विरोध नाही. मात्र इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, जुन्या टाकीत गंज धरतो, पेट्रोलच्या कॉकचे बुचाचे वायसर आणि जुनं रबर फुगतं. उपाय आहेत: टाकी आतून कोट करून घ्यायची, नळ्या आणि वायसर नव्या मालाचे घालायचे, आणि महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करायचा.

सुटे भाग मिळतात, पण शोधावे लागतात. पुण्यात नाना पेठेतली दुकानं आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचं भंगार. अनेक वस्तू आता हौशी मंडळीच पुन्हा पाडून घेतात: रबराचे पॅड, टाकीचे बिल्ले, सायलेन्सर. 2018 मध्ये रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी आणि महिंद्रा यांच्या भागीदारीतून जावा नव्यानं बाजारात आली, 293 सीसीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाची, दोन सायलेन्सर राखून. नव्या गाडीमुळे जुन्यांची विचारपूस वाढली, किमतीही वाढल्या.

पण वस्तूंपेक्षा टंचाई आहे ती हातांची. माझ्या गाडीचं काम कोल्हापुरातले एक मिस्त्री बघतात, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. गाडी नीट चालत नाही म्हणून मी लक्षणं सांगायला लागलो की ते एकच म्हणतात, “आधी प्लग काढ, मग बोल.” प्लगचं टोक विटकरी असेल तर हवा-पेट्रोलचं जमलेलं आहे. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरं पडलं असेल तर इंजिन कोरडं, तापतंय, पिस्टन जायच्या आत थांबा. पॉइंटची, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या उघडझाप करणाऱ्या टोकांची, फट 0.4 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, आणि पॉइंट नेमका कधी उघडतो ते सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मध्ये धरून, तो सुटतो त्या क्षणावरून ओळखतात. मीटर आहे त्यांच्याकडे. कागद आधी, मीटर नंतर.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभरचे जावा-येझदीवाले एकत्र गाड्या काढतात. आपल्याकडे तो ऐन पावसाचा दिवस. उजवीकडच्या कव्हरखालच्या पॉइंटमध्ये पाणी गेलं की सहा व्होल्टची बिचारी ठिणगी विझते, आणि मग रस्त्याच्या कडेला छत्री धरून एकाची गाडी चौघं उघडतात. या वर्षी सायलेन्सरमधल्या आवाज दाबणाऱ्या बॅफलच्या नळ्या काढून, तापवून कार्बन झाडायचं काम मी त्याच्या आधीच उरकून घेणार आहे.

मामांनी सांगितलेलं सगळं मी वहीत लिहून ठेवतो, नंतर ते वाचून दाखवतो आणि ते चुका काढतात. क्लचच्या प्लेटांपर्यंत आलोय. क्रँकचं, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याचं, पान कोरं आहे. मोठ्या बेअरिंगची पिन बदलल्यावर क्रँकची दोन्ही चाकं एका रेषेत आणावी लागतात. डायलच्या काट्यावर नजर ठेवून तांब्याच्या हातोडीनं ठोकत ते आणायचं. किती जोरानं आणि कुठे, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या लेथवाल्याला येतं त्याच्या हाताखाली सध्या कुणी पोरगं नाही. त्याच्याकडे पुढचा क्रँक आला की मला फोन येणार आहे. कॅमेरा घेऊन दिवसभर शेजारी उभं राहायची परवानगी त्यानं दिली आहे.